धाकटीची हजेरी

भोकरजवळच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा दोन खोल्यांची. एकेका खोलीत दोन वर्ग बसत, म्हणून माझ्या धाकट्या भाचीला बाईंनी थोरलीच्या शेजारीच बसवलं होतं. धाकटीचं नाव पुकारलं की थोरली "हजर" म्हणायची. पाढा विचारला तर तोही थोरलीच म्हणायची. धाकटी खिडकीच्या गजावरून बोट फिरवत बसायची. लेकरू गुणाचं आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं बाई वहिनीला सांगत. ते ऐकून आम्हा सगळ्यांना बरंच वाटायचं.

दादाची बदली लातूरला झाली आणि आम्ही सगळे तिकडे राहायला आलो. इथे थोरली पाचवीत, म्हणजे दुसऱ्या इमारतीत गेली, आणि महिना व्हायच्या आत शाळेने धाकटीसाठी बोलावणं धाडलं. दादाला रजा मिळेना, म्हणून वहिनीबरोबर मी गेले. नांदेडच्या इंग्रजी शाळेत शिकलेली घरात मी एकटीच. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. इंग्रजीचा तेवढा आडोसा असतो.

शाळेच्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, ऑटिझम असावा असं वाटतं, तपासणी करून घ्या. आधीच्या शाळेत कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही, असंही त्यांनी विचारलं. मला गावाची लाज वाटली. वहिनी "लई शांत हाय जी ती" असं काही सांगू लागली, तर तिच्या बोलण्याचीही वाटली. मी मध्येच इंग्रजीत सांगून टाकलं, आमच्या घरात सगळे लाजाळूच, रुळेल हळूहळू. मॅडमनी पुढचा प्रश्न मराठीत, वहिनीकडे बघून विचारला. घरी कशी वागते? त्याचंही उत्तर मीच दिलं.

वहिनीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ताई, तुम्ही थांबा जरा. थोरलीबी असंच करायची."

मग ती मॅडमना सांगत राहिली. मिक्सर लावला की लेकरू कान दाबून पलंगाखाली जातं. पाणी पाहिजे असलं तर मागत नाही, आईचा हात धरून माठाकडे ओढतं. आई म्हणून हाक अजून मारलेली नाही.

"बाईला सांगितलं, बाई हसल्या. घरात सांगितलं, तर म्हणले, आत्यावर गेलीय."

मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत बसले.

तपासणीला कोण येणार, असं त्यांनी शेवटी विचारलं. "मी येते," वहिनी म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.