छावणीच्या नाटकात मी नोकर होतो

वसाहत बघायला आफ्रिकेत जावं लागत नाही. मी ती जर्मनीत, ऱ्हाइनकाठी बघितली. दुसरं महायुद्ध संपून पंधरा वर्षं होत आली तरी आमच्या गावात फ्रेंच फौज होती. तिची शाळा वेगळी, दुकान वेगळं, थिएटर वेगळं, आणि भांडी घासायला जर्मन बायका. मी तिथे इंजिनिअरिंग शिकत होतो. पुण्यात गोव्यासाठी पत्रकं वाटलेला माणूस मी. हे बघून डोकं फिरायचं. तरी त्यांच्या हौशी नाटकात शिरलोच. मला फ्रेंच येत होतं, नाटकाचं वेड होतं, आणि त्यांना एक सावळा माणूस हवा होता.

नाटक रबराच्या मळ्यातल्या साहेबाचं. साहेब झाला होता एक मेजर, नाटक बसवत होती त्याची बायको. शेवटी नोकराने, म्हणजे मी, साहेबाच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं.

"मी पाया पडणार नाही, मादाम."

"अहो, नाटक आहे हे!"

"असू दे. मी उभा राहीन."

मेजर शांतपणे म्हणाला, "परदेशी लोकांचे परवाने बघणारे पोलीस माझ्या ओळखीचे आहेत, मस्यू."

माझा खोलीतला सोबती सांगलीचा. तो म्हणाला, "घाल की लोटांगण, क्रांतिवीर! परवाना गेला तर डिग्री गेली." मग हसू आवरून म्हणाला, "परवा फ्रेंच शिपायांनी अल्जीरियाचा बंडखोर समजून एका इटालियन कामगाराला स्टेशनवर भिंतीशी उभं केलं. लेका, तू तर त्याच्याहून काळा."

प्रयोगाला हॉल गणवेशांनी भरलेला. त्यातले बरेच अल्जीरियाच्या लढाईतून परतलेले. पडद्याआड मेजर खुर्चीत पेपर धरून बसला, मी शेजारी फडकं घेऊन उभा. फ्रेंच नाटकात पडद्याआधी काठीने तीन ठोके देतात, हे मला माहीत होतं. पण आपल्याकडे तिसऱ्या घंटेनंतरही निवेदन होतं, कुणी तरी खोकतं, मग सावकाश पडदा. तेवढ्या वेळात मी नेहमी रंगमंचाला नमस्कार करतो. तालमी पडद्याविना झालेल्या. तिसरा ठोका पडला, मी गुडघा टेकून फळ्यांना हात लावला, तो कपाळाला नेला, आणि बघतो तर पडदा कधीच उघडलेला!

मी मेजरच्या बुटांपाशी वाकलेला. हॉलमध्ये हशा, टाळ्या.

शेवटच्या प्रवेशात मी ताठ उभा राहिलो. कुणाचं लक्षही गेलं नाही; त्यांना हवं ते आधीच मिळालं होतं.

आत मादामने माझे हात धरले. "किती गोड! आपल्या मनाने केलंत, तेही सुरुवातीलाच!"

मेजरने खांद्यावर थाप मारली. "मिटलं मग."

गप्प बसलो असतो तर खरंच मिटलं असतं. तरी म्हणालो, "तो नमस्कार तुम्हाला नव्हता. रंगमंचाला होता. आमच्याकडे नट फळ्यांच्या पाया पडतो, साहेबाच्या नाही."

मादामने हात सोडले. मेजर म्हणाला, "उद्या पोलीस कचेरीत पासपोर्ट घेऊन या."

गेलो. पासपोर्ट दिला. कारकुनाने नंबर उतरवून तो परत केला, कशासाठी ते सांगितलं नाही. पुढच्या प्रयोगाला एका गोऱ्या शिपायाने तोंडाला बुटाचं पॉलिश चोपडलं आणि तो व्यवस्थित पाया पडला.

मला कुणी हाकललं नाही. कधी हाकलतील, एवढंच कळत नव्हतं. डिग्री हातात पडेपर्यंत कोपऱ्यावर टोपी आणि पितळी बटणं दिसली की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो. बहुतेक वेळा तो पोस्टमन असायचा, आणि त्याच्याकडे आईचं पत्र असायचं.