धुराला दिलेला उतार

मेहुण्यांनी कोकणातलं घर विकायला काढलं तेव्हा बायकोने वाटणीत फक्त तांब्याचा बंब मागितला. तो तिच्या पवईच्या वहिनींनाही हवा होता; त्या त्यात मनीप्लांट लावणार होत्या. लोक हल्ली बंबात झाडं लावतात, जात्यावर काच टाकून टीपॉय करतात आणि त्याला संस्कृती म्हणतात, यावर मी घरात बराच वेळ बोललो. बायकोने ऐकून घेतलं.

"मग पेटवून दाखव. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पेटला नाही, तर वहिनीला देऊन टाकीन."

मुलुंडच्या आमच्या एकमजली इमारतीत आम्ही तळमजल्यावर. स्वयंपाकघरामागे मोरी आहे आणि मोरीच्या भिंतीपलीकडे सोसायटीचं अंगण. बंबाचा धूर या भिंतीतून बाहेर काढायचा होता. मी वाचन सुरू केलं. बर्फात राहणाऱ्या माणसांचे व्हिडिओही पाहिले. तापणारा पाइप भिंतीला थेट टेकू द्यायचा नाही, भोवती मोठी पत्र्याची नळी घालून मधल्या जागेत उष्णता सोसणारी लोकर भरायची, जवळपास प्लास्टिक ठेवायचं नाही, हे सगळं मी मन लावून केलं.

उताराबद्दल मात्र वाचायची मला गरज वाटली नाही. सोसायटीच्या लीकेज समितीचा मी तहहयात प्रमुख. भिंतीला पडणाऱ्या प्रत्येक भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं, हे मी एसीवाल्यांपासून केबलवाल्यांपर्यंत सर्वांना शिकवलेलं आहे. धुराचा पाइपही मी बाहेर उतरता बसवून घेतला. लेव्हल लावून.

चाचणीसाठी करवंट्या पेटवल्या. धूर पाइपात शिरला, भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. बायकोने खिडकी, दार उघडलं, विस्तवावर पाणी ओतलं आणि मला दंडाला धरून अंगणात आणलं. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"धूर वर जातो रे. तू त्यालाही सांडपाणी समजलास."

मी पावसाचा मुद्दा काढला.

"पाणी आत आलं तर पुसता येतं. धूर आत कोंडला तर पुसायला माणूस उरत नाही."

समितीने पाइप उपसून काढला.

आता पाइप बाहेरच्या बाजूला चढता हवा होता आणि पुढे भिंतीलगत सरळ गच्चीच्याही वर न्यायचा होता, टोकाला टोपी घालून. म्हणजे वरच्या काकूंची परवानगी घेणं आलं. लीकेजच्या संशयावरून मी त्यांची न्हाणी दोनदा खोदायला लावली होती, त्यामुळे परवानगी मागायला बायको गेली. काकूंच्या अटी तीन होत्या: पाइप त्यांच्या खिडकीपासून लांब हवा, दिवाळीचं पहिलं पाणी त्यांना मिळायला हवं आणि ते मीच वर आणून द्यायला हवं.

नरकचतुर्दशीला पहाटे बंब पेटला. मी अंगणात मान वर करून उभा होतो. धूर गच्चीच्या वरून निघाला आणि कोणाच्याही खिडकीकडे न बघता निघून गेला. मोरीत बायको गुणगुणत होती. बंब आमच्याकडे राहिला, हे मला तेव्हा कळलं.

मग मी कडकडीत पाण्याची बादली घेऊन जिना चढलो. वरच्या पायरीवर थोडं पाणी हिंदकळून सांडलं. काकू उटणं लावून दारातच उभ्या होत्या. त्यांनी पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लीकेज," त्या म्हणाल्या आणि बादली आत घेतली.