केशरासाठी धुतलेली बाटली

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी शक्यतो 'लॅबमध्ये असते' एवढंच सांगते. पेशींच्या मरणाचा अभ्यास करते म्हटलं की माणसं लगेच अध्यात्मात शिरतात. आत्मा काय, मुक्ती काय! मला भयंकर राग येतो. शरीरातली निकामी पेशी ठरलेल्या क्रमाने स्वतःला आवरून घेते, शेजारच्या पेशींना इजा न करता. कॅन्सरच्या पेशी हे टाळत राहतात. त्यांना 'तुझी वेळ झाली' असं सांगणारं एक प्रथिन आहे. माणसाचंच, फक्त माणसाचा जनुक जिवाणूंत घालून त्यांच्याकडून बनवून घेतलेलं. मी ते पेशींवर घालते आणि किती मरतात ते मोजते. यात अध्यात्म कुठे आलं?

बाबा गेले आणि मी आईला इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. ती आली, पण नुसती आली. आठ महिने बाल्कनीत खुर्ची टाकून उड्डाणपुलावरच्या गाड्या बघत बसायची. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. भाजीत मीठ किती घालू, हेसुद्धा मला विचारायची. जिच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायची आमची कुणाची टाप नव्हती, ती बाई! ही पुन्हा माणसात येते की नाही, याची मला धास्ती लागून राहिली होती. दादा फोनवर दर वेळी बजावायचा, "तिच्यावर चिडू नकोस हं." त्यामुळे मी, आमच्या घरातली सगळ्यात तापट मुलगी, आठ महिने जिभेला लगाम घालून वावरत होते.

खंडेनवमीला इकडे आयुधपूजा म्हणतात. आमच्या लॅबमध्येही ती होते. दाराला केळीचे खुंट, फ्रीजरला झेंडूची माळ, सेंट्रिफ्यूजला हळदकुंकू. घरच्यांनाही बोलावतात. आई नको म्हणत होती, पण आमच्या लॅबमधल्या जुन्या टेक्निशियन अक्कांनी आपल्या कानडीमिश्रित हिंदीत थेट तिलाच फोन केला. "अम्मा, बन्नी. स्वल्प टाइम के लिए आओ. सरी?" परक्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं आईला कधी जमलेलं नाही. आली.

दुपारी प्रयोग लावायचा होता, म्हणून मी ते प्रथिन फ्रीजरमधून काढून टेबलावर ठेवलं होतं. करंगळीच्या पेराएवढी, फिरकीच्या झाकणाची बाटली. शेवटची. नवी परदेशातून यायला दोन महिने लागतात, आणि आमचा पेपर नेमका त्याच प्रयोगावर अडला होता. आतली पूड इतकी कमी असते की डोळ्यांना काहीच दिसत नाही. नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी दम देते की बाटली आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, झाकणाला चिकटलेली पूड तळाला बसू द्यायची आणि मगच उघडायची.

आरती झाली, दारात कोहळा फुटला, चुरमुरे-डाळ्यांचा प्रसाद वाटला. अक्कांशी बोलत मी जरा रेंगाळले. परत आले तर टेबल लखलखीत आणि बाटली गायब.

"आई, इथे एक छोटी बाटली होती..."

"ही?" आईने पर्समधून बाटली काढली. "रिकामीच पडली होती. तुमच्या पॅन्ट्रीतल्या गरम पाण्याने दोनदा धुतली. केशर ठेवायला काय छान आहे बघ!"

दोन महिने पाण्यात! तोंड उघडलं होतं, शब्द ओठांवर होते.

"उद्या दसरा ना," ती म्हणाली. "श्रीखंड करते. इथे बरं दही कुठे मिळतं गं?"

आठ महिन्यांत तिने स्वतःहून काही करते म्हटलं नव्हतं. मी तोंड मिटलं. छान आहे बाटली, म्हणाले.

येताना आम्ही दही घेतलं, केशराची डबी घेतली. घरी आल्यावर ती पंच्यात दही बांधायला लागली आणि मी बाल्कनीत जाऊन आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमना फोन लावला. प्रथिन माझ्या हातून वाया गेलं, न फिरवताच बाटली उघडली, असं सांगून टाकलं. शिकाऊ मुलीसुद्धा असं करत नाहीत, असं त्या म्हणाल्या. आणखीही बरंच म्हणाल्या. मी फक्त 'हो मॅडम' म्हणत राहिले. फोन ठेवून वळले, तर दारात आई. हात दह्याने भरलेले.

"ती रिकामी नव्हती?"

"नव्हती."

"मग माझ्यावर ओरडली का नाहीस?"

"जाऊ दे ना आई. एवढं काय त्यात?"

"एवढं काय म्हणजे?" तिचा आवाज चढला. "हे गेल्यापासून कुणी माझ्याशी धड भांडलेलं नाही. तू नाही, दादा नाही. आजाऱ्याशी बोलावं तसं हळू हळू बोलता सगळे. कधी कधी वाटतं, यांच्याबरोबर मीही गेलेच की काय."

मला रडू फुटलं. आणि रडता रडता असा काही राग आला की विचारू नका. मी ओरडले. दुसऱ्याच्या टेबलाला हात लावू नये एवढं कळत नाही का, दिसली डबी-बाटली की ती घरी आणायलाच हवी का, दोन महिने मी आता काय करू, लोकांना काय तोंड दाखवू! वाटलं होतं, ती मुकाट ऐकून घेईल. छे! दह्याचे हात तसेच कमरेवर ठेवून ती म्हणाली, "एवढी मोलाची होती, तर उघड्यावर टाकून आरतीला कशाला गेलीस? लहानपणापासून तुझं हेच. वस्तू जिथे तिथे टाकायच्या आणि खापर आईवर!"

शेजारच्या बाल्कनीतल्या आजोबांनी वाकून आमच्याकडे पाहिलं. आम्ही थांबलो नाही.