साफ आवाज

सॉफ्टवेअरमधल्या चुका कशा शोधायच्या, हे नव्या पोरांना शिकवणारे व्हिडिओ आमच्या शेजारची क्षितिजा घरी बसून एडिट करते. विषय इतका रुक्ष, की बघणारा झोपलाच पाहिजे. पण ही मध्येच कोडं घालते, स्वतःच्या आवाजात खोचक बोलते, आणि पोरं शेवटपर्यंत बघतात.

आवाज भरणं मात्र कठीण होतं. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये तिच्या वडिलांचे, नवशाकाकांचे, लूम दिवसभर खडखडायचे. तिने माइक लावला की काका दारात येऊन विचारायचे, "बंद करू का गो?" कापड कमी निघालं तरी चालेल, पण लूम थांबवायचेच.

यंदा लूम भंगारात गेले. टेम्पोत ते कसे फेकले, ते मी पाहिलंय. त्यावर मला बोलायला लावू नका, तोंडातून शिवीच निघेल.

काल कंपनीने क्षितिजाला विचारलं, "हल्ली आवाज एकदम साफ येतो. स्टुडिओ घेतला का?" तिने गुपचूप माइक लावला, तर काका सवयीने दारात उभे.

"बंद करू का गो?"

"हो बाबा, करा," ती म्हणाली. काका रिकाम्या शेडकडे गेले, आणि ते परत येईपर्यंत ती थांबून राहिली.