रुमालातला तुकडा

रावपुऱ्यातल्या माझ्या माहेरी प्रसाद कधी कुणी जागच्या जागी संपवला नाही. जो देवळात येऊ शकला नाही, त्याच्यासाठी तो रुमालात बांधून घरी आणायचाच. त्यामुळे त्या रविवारी मी जे केलं, त्यात काही वावगं आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सासूबाईंचं दुसऱ्या दिवशी हृदयाचं ऑपरेशन होतं, त्याच रविवारी संध्याकाळी ॲडमिट व्हायचं होतं. डॉक्टरांनी जिना चढ-उतर बंद केलेली, आणि त्यांचा सकाळपासून एकच धोशा, "जायच्या आधी प्रभुभोजन मिळायला हवं." ख्रिस्ती घरात लग्न होऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते. त्या पावाच्या तुकड्यात आणि प्याल्यात त्यांचा केवढा जीव अडकलाय, ते मला धड कळत नव्हतं. पाळकांना फोन केला, तर ते उपासना आटोपून थेट सावली गावाला, तिथल्या उपासनेसाठी जाणार होते. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! मी आणते.

नवऱ्याला आईजवळ बसवून मी आमच्या बाजव्याहून चर्चपर्यंत रिक्षा केली. चर्चमध्ये सगळ्यांबरोबर पुढे गेले, कठड्याशी गुडघे टेकले, हात पुढे केला. पाळकांनी तळहातावर तुकडा ठेवला. शेजारच्या बाईने लगेच तोंडात टाकला. मी मूठ मिटली. पाळक थबकले. आधी माझ्या मुठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. प्याला आला तशी मी मान हलवली. अख्खी मंडळी माझ्या पाठीकडे बघतेय असं वाटून माझी कानशिलं तापली. उठले ती तडक बाहेर.

घरी रुमाल उलगडला आणि सासूबाई उठूनच बसल्या.

"अगं, हे काय केलंस! हा काय पेढा आहे? तुझा बाप्तिस्मा नाही, काही नाही, तू घेतलासच कसा?"

"तुमच्यासाठीच आणला ना!"

"हे असं कोपऱ्यात बसून एकट्याने खायचं नसतं. सगळ्यांनी एका मेजाशी यायचं, एकाच भाकरीतलं घ्यायचं. सहभागिता म्हणतात त्याला!"

झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग लग्न झाल्यापासून तुम्ही ताट घेऊन खोलीत एकट्या जेवता, ते कसं चालतं? माझ्या हातचं चालतं, मी शेजारी बसलेली चालत नाही!"

"अगं, तिचं हृदय!" नवरा ओरडला. सासूबाईंचे ओठ पांढरे पडले होते. मला माझीच भीती वाटली. उद्या काही बरंवाईट झालं तर मी त्यांना हे ऐकवून पाठवलेलं असणार होतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात पाळक, हातात एक छोटी पेटी. "बेन, तुमची मूठ बघितली तेव्हाच समजलं," ते इथल्या गुजराती सवयीने मला म्हणाले. "सावलीची माणसं थांबतील थोडी." रागावले असतील तर दाखवलं नाही. रुमालातला तोच तुकडा त्यांनी पेटीतल्या ताटलीत ठेवला, प्रार्थना केली आणि तुकडा सासूबाईंपुढे धरला.

सासूबाईंनी हात मागे घेतला.

मला वाटलं, माझा हात लागला म्हणून नको असणार.

"थांबा, पाळकसाहेब. मनात अढी ठेवून मला हे घेता येत नाही." त्या माझ्याकडे वळल्या. आवाज अजून कडकच होता. "चुकलं माझं. सहा महिने चुकलं. आज जेवायला काय केलंयस?"

"वरण-भात." मी सांगितलं.

"मग तिघांची ताटं इथे माझ्या पलंगाशी मांड. आधी मांड, मग मी घेते."

मी रडत रडतच ताटं आणली. पाळक तुकडा हातात धरून उभेच होते. तिसरं ताट ठेवलं, तेव्हा सासूबाईंनी तळहात पुढे केला.