तुळसाच्या चुलीचं झाकण

आमच्या गावाहून मोहाडीच्या बाजाराला पायी दीड तास लागतो. शहात्तर साली गावात महिला मंडळ निघालं. पहिली काही वर्षं शुक्रवारचं भजन आणि विहिरीभोवतीचा चिखल काढणं, एवढंच आमचं काम होतं. मंडळाला खरं कामाला लावलं ते सत्यभामाबाईंनी.

त्या सातवी शिकलेल्या. घरी बोडीखालची, म्हणजे लहान तळ्याच्या पाण्यावरची, चार एकर धानाची शेती. नवरा यादोराव मऊ स्वभावाचा, बाई मात्र फटकळ. त्यांच्या सासूबाईंना शेवटची नऊ वर्षं दिसत नव्हतं. डॉक्टर काहीही म्हणोत, सत्यभामाबाईंच्या मते ते डोळे चुलीच्या धुराने गेले. म्हणून त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर भंडाऱ्याला निर्धूर चुलीचं आठ दिवसांचं शिक्षण होतं, तेव्हा मंडळातर्फे त्या आपणहून गेल्या.

परत आल्या त्या मोजमापाचा कागद घेऊनच. माती, धानाचं तूस आणि शेण मळून दोन तोंडांची चूल करायची, मागून धुराची वाट काढायची आणि त्या वाटेवर कुंभाराकडचे खापराचे नळ बसवून धूर छपराच्या कवेलूंच्या वर सोडायचा. कागदावर वाटेची रुंदी तीन इंच होती. सत्यभामाबाईंनी ती मानली नाही. काजळी काढायला बाईला आत हात घालावा लागतो आणि सवाशीण त्यासाठी बांगड्या उतरवणार नाही. म्हणून त्यांनी बांगड्यांसकट हात जाईल एवढी वाट ठेवली. प्रत्येक चुलीत आधी स्वतःचा हात कोपरापर्यंत घालून पाहायच्या, मग लिंपायच्या.

जुनी चूल फोडली की तिची माती उकिरड्यावर जाऊ देत नसत. ती तुळशीच्या ओट्याला लावायची. नव्या चुलीला हळदीकुंकू वाहून पहिला नैवेद्य शिजवायचा, मग घरच्यांचं. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, पण त्यामुळे बायका चूल फोडायला तयार झाल्या.

गावातली बेबीबाई मात्र दारात उभी राहून टोमणे मारायची.

"काय वो सत्यभामाबाई, गावभर चुली फोडत फिरून राहिल्या, तुमच्या घरी रांधते कोन? यादोरावभाऊजी?"

"हो, तेच रांधते. तुह्या हातच्या भाजीपेक्षा बरी असते."

तुळसाच्या घरची चूल माघाच्या सुरुवातीला झाली. तुळसा विधवा बाई, सहा वर्षांपूर्वी नवरा गेलेला. घरामागच्या सांदवाडीत भाजी लावायची आणि मोहाडीच्या बाजारात न्यायची. डोळे सदा लाल. सत्यभामाबाई आत हात घालून वाटेची रुंदी पाहत होत्या, तेव्हा ती म्हणाली, "बाई, माही वाट लहान केली तरी चालते. माह्या हातात कुठं बांगड्या?"

आम्ही चौघी तिथे माती मळत होतो.

"वाट सगळ्यायची सारखीच राहीन," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि पुढे लिंपत राहिल्या.

उन्हाळ्यापर्यंत एकोणचाळीस चुली झाल्या. तुळसाचे डोळे निवळले. सगळं ठीक चाललं होतं.

मृगाला अकरा दिवस होते. बायका बियाणं काढू लागल्या, तशी तुळसा वाळलेल्या शेंगांची एक जुडी घेऊन सत्यभामाबाईंच्या ओसरीवर आली. वालाच्या शेंगा, आमच्याकडे त्याला पोपट म्हणतात. तिने एक शेंग तळहातावर दाबली. आतून नुसता भुगा निघाला.

"सगळ्या अशाच आहे, बाई. एक दाना नाही."

आमच्याकडे बियाच्या शेंगा, मक्याची कणसं, दोडके चुलीच्या वर आढ्याला टांगतात. धुराने ती काळी पडतात, त्यांना घुण, म्हणजे कीड, लागत नाही. ही गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. मला ठाऊक होती, सत्यभामाबाईंना ठाऊक होती. पण धूर बाहेर काढताना कुणीही मान वर करून पाहिलं नाही. शेंगा नेहमीच्या जागीच टांगल्या आणि खाली धूर नव्हता. त्या आठवड्यात आणखी सात-आठ घरांतून तसंच ऐकू आलं. आढ्याच्या बांबूंनाही घुण लागून त्याचा भुगा वरणात पडायला लागला.

बेबीबाई म्हणाली, "डोळे वाचले ना? आता सांदवाडीत डोळेच पेरा!" दोन घरांनी चुलीचे नळ उपटले.

इतरांनी बी इकडून तिकडून मागून घेतलं. तुळसाचं तसं नव्हतं. तिचा पोपट लाल काठाच्या दाण्याचा होता, माघापर्यंत शेंग धरणारा. बाकीच्यांचा संपला की तिचा बाजारात यायचा, त्यावर तिचं वर्ष निघायचं. ते बी तिच्या आईने लग्नात ओटीत घातलेलं. तिचं माहेर सानगडीचं. त्या घरची रीत अशी की हे बी विकायचं नाही, हातउसनं द्यायचं नाही, लेकीच्या ओटीतूनच ते घराबाहेर जाईल. आणि विधवेची ओटी भरत नाहीत.

"मी गेली तर माय रडते," तुळसा म्हणाली, "पन रीत मोडत नाही."

सत्यभामाबाई म्हणाल्या, "उद्या मी जातो. तू चालशीन माह्यासंगं?" हे त्यांनी तुळसाला नव्हे, माझ्याकडे पाहून विचारलं.

भंडाऱ्याला बस बदलून आम्ही दुपारी सानगडीला पोचलो. तुळसाची आई रुखमिणीबाई ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. सत्तरीची, काटक.

"कोन व्हय, बाई?"

"तुळसाच्या गावची. तिचं पोपटाचं बी माह्यामुळं गेलं." सत्यभामाबाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. चूल, नळ, घुण, सगळं.

म्हातारीने चिंच फोडणं थांबवलं नाही. "धूर घालवाच्या आधी वर काय टांगलं आहे, हे पाहलं नाही?"

"नाही पाहलं."

"शिकवनाऱ्यानं नाही सांगतलं?"

"त्यायले काय मालूम! मले मालूम होतं. मी ध्यानात नाही घेतलं."

"बियाले रोज धूर नाही लागत, बाई. आठ-पंधरा दिवसाले एक डाव देल्ला तरी पुरते. पन द्या लागते." मग तिने विचारलं, "तुळसाचे डोळे कसे आहे?"

"चांगले आहे. सुई ओवते."

रुखमिणीबाई उठून आत गेली. बाहेर आली ती सुपात तांदूळ आणि वर दोन ओंजळी बी घेऊन. लाल काठाचे दाणे. तिने सत्यभामाबाईंना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली.

"तुळसाले सांगजो, हे म्या तिले नाही देल्लं. तुले देल्लं, लेक म्हनून. तू त्याचं काय करशीन ते तुहं."

ओटी घेऊन आलं की आधी घरी देवापुढे ठेवायची असते. दुसऱ्या दिवशी बसमधून उतरल्यावर सत्यभामाबाई घरी गेल्या नाहीत. सरळ तुळसाच्या दारात गेल्या.

"पदर धर."

तुळसा मागे सरली. "बाई, मले चालत नाही."

"मले चालते. धर."

ओटीतलं सगळं त्यांनी तिच्या पदरात घातलं. हे शास्त्रात बसतं की नाही, मी कुणाला विचारलं नाही. देवाला त्यात राग येण्यासारखं काही होतं असं मला वाटलं नाही. शेजारच्या ओट्यावरून बेबीबाई पाहत होती. टोमणा येईल म्हणून मी वाट पाहिली. ती म्हणाली, "नीट धर वो, सांडशीन."

आषाढभर सत्यभामाबाई पुन्हा घरोघर फिरल्या. आढ्याच्या खाली, नळाला एका बाजूने हाताएवढं भोक पाडायचं आणि त्यावर कवेलूचा तुकडा बसवायचा. रांधताना झाकण बंद. शनिवारी रांधून झालं की चुलीत ओलं तूस घालून झाकण काढायचं, दार लावून घ्यायचं आणि सगळ्यांनी घराबाहेर राहायचं. शनिवार यासाठी की त्या दिवशी बायका तशाही मारुतीला जातात. ज्यांनी नळ उपटले होते, त्यांनी ते परत बसवले.

कार्तिकात चुली तपासायला सरकारी साहेब आले. त्यांनी झाकण उघडून पाहिलं.

"हे नकाशात नाही, बाई. अशा चुली मला मोजणीत धरता येणार नाहीत."

"नका धरू," सत्यभामाबाई म्हणाल्या. "चहा घेऊन जा."

सात घरांत झाकण बसवायचं राहिलं होतं. कागदावर आमच्या गावाच्या तेवढ्याच चुली लागल्या. ज्या गावाचं काम पूर्ण झालं, त्या गावच्या मंडळाचा तालुक्याला सत्कार झाला. त्याला आम्ही गेलो नाही.

माघात तुळसाच्या वेलांना शेंगा भरपूर आल्या. बियाच्या शेंगा तिने दोन जुड्यांत बांधल्या. एक स्वतःच्या चुलीवर टांगली. दुसरी घेऊन सत्यभामाबाईंकडे आली, स्टुलावर चढून त्यांच्या आढ्याला बांधली आणि उतरताना नळाचं झाकण काढून, आतली काजळी बोटाने पाहून परत बसवलं.

"या शनिवारी देल्ला नाही वाटते धूर?"

"इसरलो," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"मंग द्या ना, बाई," तुळसा म्हणाली आणि तूस आणायला मागच्या दारी गेली.