सोलरवर मलमलीचं पांघरूण

पंचवटीत ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे, त्या प्रत्येकाच्या छपरावर आमचे दाजी एकदा तरी चढून आलेले आहेत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. छपरावर माकडंही चढतात आणि पतंग उडवणारी पोरंही चढतात, पण ती कोणाला विचारत नाहीत. दाजी रीतसर विचारून चढतात आणि उतरल्यावर त्या घराला सोलर बसवायचं तर काय खर्च येईल ते फुकट सांगतात. तसं त्यांना कोणी सांगायला सांगितलेलं नसतं. कोणाच्याही घरी गेले की पाणी नको, चहा नको, आधी लाईटबिल दाखवा म्हणतात. भाचीच्या सोयरिकीला आम्ही मुलाकडे गेलो होतो. सगळे मुलाची नोकरी, पगार, शेती विचारत होते. दाजींनी वर बघत मुलाच्या वडलांना विचारलं, "गच्ची दक्षिणेला मोकळी हाय का?" ते म्हणाले, "हो, आहे." दाजी अक्काच्या कानाशी लागले, "स्थळ चांगलं हाय." ते लग्न झालं आणि पोरगी सुखात आहे, त्यामुळे त्या दिवसापासून दाजींना बोलायची सोय राहिली नाही.

गल्लीतल्या गुरुजींचं आणि त्यांचं रोज काही ना काही चालायचं. गुरुजी ओट्यावर पंचांग घेऊन बसलेले असले की दाजी जाता जाता म्हणायचे, "गुरुजी, तुम्ही नऊ ग्रह सांभाळता. मला एकच पुरतो." गुरुजी पान न उलटता म्हणायचे, "आणि तो एक तरी तुमचं ऐकतो का?" पण गुरुजींनीही शेवटी सोलर बसवलं ते दाजींनी सांगितल्यावरच.

दाजींची अंदाज काढायची रीत न्यारी होती. दाजी मूळचे येवल्याचे, पैठणीच्या रेशमाला रंग द्यायचं काम सगळी हयात केलं. त्यामुळे फूट, मीटर त्यांच्या डोक्यात बसत नाही. ते गच्ची लुगड्यांत मोजतात. गच्चीच्या मध्ये उभं राहून डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "चार लुगडी सुखानं वाळतील. म्हणजे घरातले पंखे, दिवे, फ्रीज निघाला. पण गिझर लावाल तर नाय पुरायचं." मग काचेच्या पॅनेलला किती, खालच्या लोखंडी सांगाड्याला किती, इन्व्हर्टरला किती आणि सरकारचं अनुदान मिळालं तर त्यातून किती सुटतील, ते सगळं बोटांच्या पेरांवर. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण युनिट म्हणजे काय ते मला दाजींनीच समजावलं, तेही रंगाच्या पातेल्यावरून. मोठ्या चुलीवर पातेलं लवकर उकळतं, बारक्या चुलीवर वेळ लागतो. चूल केवढी आणि किती वेळ पेटली, ते मिळून युनिट. ते मी अजून विसरले नाही.

सावलीची त्यांना फार काळजी. गच्चीवर पाण्याची टाकी यायची असेल तर तिची सावली कुठे पडेल ते आधी बघायचं. एकदा एका दुकानदाराच्या गच्चीवर टाकी अजून आलेली नव्हती. मी बाजारात फुलं विकून अक्काकडे निघाले होते, डोक्यावर रिकामी पाटी. दाजींनी वरून हाक मारली, "मेहुणीबाई, जरा वर या." वर गेले तर म्हणाले, "त्या कोपऱ्यात उभ्या राहा. पाटी डोक्यावरच असू द्या." मी उभी राहिले. दाजी माझ्या सावलीभोवती खडूने रेघ मारत होते. खाली गल्लीत माणसं जमली. मला चारचौघांत मान वर करायची सवय नाही, आणि तिथे मी भर बाजारपेठेत, सगळ्यांच्या वर, टाकी होऊन उभी. मी हळूच म्हटलं, "दाजी, झालं का?" ते म्हणाले, "हलू नका. टाकी हलत नसते."

सगळेच अंदाज बरोबर यायचे असं नाही. एका मिठाईवाल्याची गच्ची त्यांनी शेजारच्या कडुलिंबाची पानगळ झाली असताना बघितली. सोलर बसलं आणि पुढे लिंब असा काही फुटला की अर्धी गच्ची काळोखात. मिठाईवाला भेटला की म्हणायचा, "काका, तुमच्या अंदाजात झाड नव्हतं." दाजी म्हणायचे, "झाड होतं, पानं नव्हती." आणि त्याच्याच दुकानातला पेढा तोंडात टाकायचे.

आता एवढा सूर्याचा भक्त, पण उन्हाशी त्यांचं जन्माचं वैर. रंगवलेलं रेशीम उन्हात वाळवलं की रंग उडतो आणि धागा ठिसूळ होतो, हे त्यांनी बापाच्या हाताखाली शिकलेलं. ते एवढं अंगात मुरलं की दाजींचा सदरा सावलीत वाळतो, छत्री सावलीत वाळते. द्वारका चौकातून घरी येताना ते सावलीची बाजू धरून येतात, मग त्यासाठी रस्ता चार वेळा का ओलांडावा लागेना. एवढ्या रहदारीत अक्काचा जीव टांगणीला. ती म्हणते, "उन्हानं नाय काळे पडणार तुम्ही. आता काय राहिलंय काळं पडायचं."

सगळ्या गल्लीला सोलर लागलं, पण दाजींच्या स्वतःच्या घरावर काही नव्हतं. कारण भाव उतरत होते. "पुढच्या वर्षी अजून उतरतील," असं ते दर वर्षी म्हणायचे, आणि उतरायचेही, म्हणून आणखी एक वर्ष थांबायचे. अक्का म्हणायची, "लग्नाच्या वेळी पण असंच थांबला असता तर सुटले असते मी."

पण खरी अडचण छपराची होती. त्यांच्या घराचा वरचा मजला पत्र्याचा, खालचे वासे जुने. काचेची पॅनेलं आणि लोखंडी सांगाडा त्यावर पेलला नसता. आणि त्याच पत्र्याखाली अक्काचा माग. येवल्याचं बिऱ्हाड हलवलं तेव्हा भांडीकुंडी अर्धी वाटली, पण तो लाकडी माग टेम्पोत घालून आणला. दाजींनी रंगवलेलं रेशीम आणि अक्काचा हात, असा त्यांचा संसार. रंगकाम सुटलं, माग राहिला. मात्र उन्हाळ्यात ती खोली तव्यासारखी तापते आणि दुपारी वीज गेली की पंखाही बंद, दिवाही बंद. पदरावरचा मोर विणताना एक धागा चुकला तर मागे जाऊन उसवावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात अक्काला दोनदा चक्कर आली. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आता बास. येवल्याचा एक जण माग मागतोय. देऊन टाकते."

 दाजी जेवले, हात धुतले, चपला घातल्या आणि मला म्हणाले, "मेहुणीबाई, चला." आम्ही द्वारकेजवळच्या एका सोलरच्या दुकानात गेलो. तिथल्या पोरसवदा माणसाने आम्हाला एक काळी चादर दाखवली. रेक्झिनसारखी पातळ, वाकणारी, पत्र्याला थेट चिकटवायची. म्हणाला, "काका, हे थिन फिल्म. वजन काहीच नाही. फक्त जागा जास्त खातं, काचेच्या पॅनेलच्या जवळजवळ दुप्पट." दाजींनी ती चादर अंगठा आणि बोटात धरून चोळली, कानाशी नेली, उजेडात तिरपी करून बघितली. पैठणीचा पोत बघतात तशी. मला म्हणाले, "माल चांगला हाय." त्या माणसाने आपणहून सांगितलं की फार तापलं की कोणतंही पॅनेल जरा कमी वीज देतं, हे त्यातल्या त्यात बरं. दाजींनी मान हलवली. आणि ज्यांनी आयुष्यभर भाव उतरायची वाट बघितली, त्यांनी त्या दिवशी भाव न करता पैसे दिले. तेव्हा मला कळलं की माग जाणार याची त्यांना केवढी धास्ती होती.

पत्र्यावर चादर बसली, खाली बॅटरी आली, माग असलेल्या खोलीत नवा पंखा आणि दोन दिवे आले. पहिले दोन दिवस छान गेले. मग पंखा दुपारी मान टाकायला लागला. सकाळी वारा घालायचा, आणि नेमका उन्हाचा तडाखा सुरू झाला की हळूहळू फिरून थांबायचा. दुकानातला माणूस सकाळी येऊन तारा तपासून जायचा आणि म्हणायचा, "काका, सगळं ठीक आहे." तो गेला की दुपारी पुन्हा तेच. शेवटी अक्काने पदराने घाम पुसत मागावरून उठून येवल्याला फोन लावला. "उद्या या," एवढंच बोलली. दाजी जिन्यात होते, त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी फुलं विकून आले. अक्काने वाळवायला दिलेलं सांडग्यांचं ताट घेऊन भर उन्हात पत्र्याशेजारच्या लहानशा सज्ज्यावर गेले. बघते तर पत्र्यावरच्या काळ्या चादरीवर पांढरी मलमल पसरलेली. कडेने कपड्यांचे चिमटे लावलेले, एक सुरकुती नाही. आणि दाजी शिडीवर उभे राहून तांब्यातून तिच्यावर पाणी शिंपडत होते.

मी दाजींना आजवर कधी उलट बोलले नव्हते. पण खाली अक्काचा पंखा थांबलेला होता आणि माग न्यायला माणूस यायचा होता.

मी म्हटलं, "दाजी, हे कशाला?"

ते म्हणाले, "तापतंय ना. दुकानदारानेच सांगितलं, तापलं की वीज कमी देतं. सकाळी आणि संध्याकाळी उघडतो की. कवळं ऊन खाऊ दे. भर दुपारचं ऊन नाय मानवत."

"पण दाजी, वीज उन्हाचीच ना?"

"मेहुणीबाई, एवढं तलम कापड. जन्मात असलं काही मी बाराच्या उन्हात टाकलं नाय."

 मी म्हटलं, "हे रेशीम नाही ना दाजी."

त्यांनी तांब्या शिडीच्या पायरीवर ठेवला. एवढ्या लोकांना उन्हाचा हिशोब शिकवणारा माणूस, पण हाताला पातळ, तलम काही लागलं की हात आपलेच ऐकत होते. मग त्यांनी एकेक चिमटा काढला, मलमलीची नीट घडी केली, आणि तोंड फिरवून उभे राहिले. त्यांना ते बघवत नव्हतं. म्हणाले, "खाली जाऊन बघा, काय म्हणतो पंखा."

मी खाली गेले. पंख्याचं पातं आधी नुसतं हललं, मग फिरलं, आणि थोड्या वेळाने अक्काच्या कपाळावरचे केस उडायला लागले. तिने वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग माझ्यामागून खाली आलेल्या दाजींच्या बगलेतली घडी बघितली. ती ओळखीची होती. तिच्या लग्नाची पैठणी त्याच मलमलीत बांधलेली असायची.

"ही इथं कशी?" तिने विचारलं.

दाजी म्हणाले, "सोलरला पांघरूण घातलं होतं."

अक्का हसायला लागली. डोळ्याला पदर लावून हसली, मागावर डोकं टेकवून हसली. तेवढ्यात येवल्याचा माणूस जिना चढून आला. त्याच्या हातात दोरखंड होता, मागाचे भाग सुटे करून बांधून न्यायला. त्याने विचारलं, "काकू, सोडायला घेऊ का?" अक्का हसू आवरत म्हणाली, "हा पदर मागावरून उतरू दे. मग बोलू." तो बिचारा कोकमाचं सरबत पिऊन गेला. दाजींनी जाता जाता त्याच्या घरावर पत्रा आहे की स्लॅब ते विचारून घेतलं.

त्या पदराला पावसाळा गेला. तो उतरला, तसा दुसरा लागला. त्या माणसाने नंतर फोन करणं सोडलं. दाजी आता थिन फिल्मचेही अंदाज सांगतात, आणि दर वेळी शेवटी बजावतात, "झाकायचं नाय." ऐकणाऱ्याला कळत नाही, झाकेल कोण. मी तिथे असले तर दाजी माझ्याकडे बघत नाहीत.

पंखा आता दुपारभर फिरतो. अक्का मात्र पूर्वीसारखी दुपारभर बसत नाही. डोळे लवकर दमतात, हाताला मुंग्या येतात. दाजी जिन्याच्या खालच्या पायरीवर, सावलीत, सुपारी कातरत बसलेले असतात. वरून मागाच्या फणीचा खट्, खट् आवाज येत असतो. तो थांबला की दाजींचा अडकित्ताही थांबतो. वर बघून विचारतात, "पंखा बंद पडला का गं?"

"नाही हो. चालू आहे."

"मग ठीक."

आणि सुपारी तशीच हातात धरून बसून राहतात, वरून पुन्हा खट् ऐकू येईपर्यंत. अलीकडे तो यायला जरा वेळ लागतो.